शिवाराची वही : प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात अभयारण्य नाही. गोरेगावातून कुठल्याही वाटेने बाहेर पडलं तरी पावसाळ्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, कपाशी आणि हळद. दिवाळीनंतर हरभरा आणि गहू. मधे एखादा नाला, नाल्याच्या काठाने बाभळी, पलीकडे मुरमाड माळ, माळावर पळसाची आणि बोरीची झुडपं. निसर्ग राखायचा विषय निघाला की इथल्या माणसाला ताडोबा किंवा मेळघाट आठवतो. ते काम वनखात्याचं, आपल्याकडे राखण्यासारखं काय उरलंय, असं तो मनापासून विचारतो. शाळेतलं पोरही तेच विचारतं. हे पुस्तक गोरेगाव आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांसाठी, शेतकऱ्यांसाठी आणि मुलांसाठी तयार झालं आहे आणि त्याची सगळी मांडणी या प्रश्नाचं उत्तर म्हणून केलेली आहे.

उत्तराची सुरुवात एका वाघापासून करतो. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात त्याच वर्षी फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवलेली होती, म्हणून त्याची वाट कळू शकली. तेलंगणातलं आदिलाबाद, मग पुन्हा महाराष्ट्र, हिंगोली, वाशीम असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर. वनखात्याच्या कागदांत त्याचं नाव टी-वन-सी-वन. या वाटेवर जंगल फार थोडं होतं. तो रात्री शेतांमधून, नाल्यांच्या पात्रांतून आणि रस्ते ओलांडत चालला, दिवसा झुडपांत पडून राहिला. सगळ्या प्रवासात एक माणूस जखमी झाला, तोही वाघ जिथे विसावला होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हा. शेकडो गावांच्या शिवारांतून एवढं मोठं जनावर गेलं आणि बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही. हे शक्य झालं ते नाल्याकाठच्या त्या बाभळींमुळे, पडीक तुकड्यांमुळे, कुणी साफ न केलेल्या बोरीच्या जाळ्यांमुळे. ज्या जागांना आपण काहीच नसलेल्या जागा म्हणतो त्याच जागा त्याने वापरल्या.

वाघ पुन्हा येईल न येईल. मुंगूस, ससा, तितर, लाव्हा, घोरपड, धामण, कोल्हा, सातभाईंचा थवा हे मात्र त्याच जागांवर बारा महिने जगतात. या जागांमधली सगळ्यात मोठी, आणि जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं अशी जागा म्हणजे धुरा, दोन शेतांमधला बांध.

धुरा आपल्याकडे भांडणाचा विषय. कुणी किती कोरला, कुणाचं झाड कुणाच्या पिकावर सावली धरतं, यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं प्रत्येक गावात सापडेल. पण जुना, रुंद, न जाळलेला धुरा जवळ बसून पाहावा. मातीच्या उंचवट्यावर पवना, कुंदा, मारवेल असं गवत. त्यात एखादी बोर, एखादा हिवर, एखादी बाभूळ, अशी झाडं जी कुणी लावलेली नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेतून आणि शेळ्यांच्या लेंड्यांतून आलेली आहेत. बुडाशी मुंग्यांची वारुळं, उंदरांची बिळं, त्या बिळांवर नजर ठेवून असलेली धामण. बाभळीच्या फांदीवर खाटीक पक्षी बसतो आणि टोळ पकडून काट्याला टोचून ठेवतो. तिसरी-चौथीच्या मुलांना हा काटा एकदा दाखवला की पुढे ती स्वतःच शोधत फिरतात. पाऊस जोराचा झाला की वरच्या शेतातून निघालेलं पाणी या गवतात अडखळतं आणि गाळ तिथेच टाकतं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यात पाणी मुरणं मंदावतं आणि मग ते वरून वाहू लागतं. वाहतं तेव्हा वरचा, सगळ्यात कसदार थर घेऊन जातं. धुऱ्यावरचं गवत म्हणजे ती माती अडवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे, आणि ते आपण उन्हाळ्यात काडी लावून जाळतो किंवा तणनाशक मारून पिवळं करतो.

का करतो याचं उत्तर आळस किंवा अज्ञान असं देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पिकं बदलली, त्याबरोबर बाकी सगळं बदललं. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. कडबा होता म्हणून दावणीला बैल होते, लाल कंधारी आणि देवणीसारख्या याच मुलखातल्या जातींचे. बैल होते म्हणून शेणखत होतं, आणि धुऱ्यावरचं गवत कापून नेण्याला किंमत होती. सोयाबीन आलं ते नगद पैसा घेऊन आलं. शंभरेक दिवसांत हाती येणारं, बाजारात लगेच विकलं जाणारं पीक कर्जात असलेल्या माणसाने का सोडावं? पण त्याच्या भुसकटावर जनावरांचा पूर्ण संसार चालत नाही. मग बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला, शेणखत आटलं, आणि ज्या गवताला खाणारं कुणी उरलं नाही ते गवत कचरा ठरलं. ज्वारीच्या कणसांवर येणाऱ्या पाखरांचंही तेच झालं. गोफण घेऊन माचव्यावर उभं राहणाऱ्या पोराला पाखरांची नावं कुणी शिकवावी लागत नव्हती. त्याला ती हाकलायचीच होती. माचवा गेला आणि ती ओळखही गेली.

बायकांच्या वाट्याला यातलं वेगळं नुकसान आलं. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, केना, तरोटा असं काही ना काही घेऊन परतायची. ती भाजी विकतची नव्हती, पेरलेली नव्हती आणि कुणाच्या मालकीचीही नव्हती. तणनाशकाने निंदणीची मजुरी गेली आणि ही भाजीही गेली. दोन्हींचा हिशोब कुठल्याच आकडेवारीत येत नाही. म्हणून या पुस्तकात रानभाज्यांचा भाग मोठा आहे आणि तो भरून घ्यायचा आहे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून. कोणती भाजी कुठल्या नक्षत्रात येते, कोवळी कुठवर खायची, कशाबरोबर शिजवायची, कुणाला देऊ नये, हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं कुणी नाही.

आता शाळेकडे येतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा व्हावा. २००३ मध्ये तेच पुन्हा बजावलं. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेचे गट शाळांमध्ये निघाले. बालभारतीने तर तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलं, म्हणजे हिंगोलीच्या मुलाला हिंगोलीच्या नद्या, पिकं, डोंगर यांची ओळख त्याच्याच पुस्तकात मिळावी. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, आणि ती तिसरीतच थांबते याचं वाईटही वाटतं. पुढे इयत्ता वाढते तसा विषय लांब जातो: ओझोनचा थर, ध्रुवीय बर्फ, समुद्राची वाढती पातळी. हे सगळं खरं आहे आणि शिकायलाच हवं. पण ज्या मुलाने आपल्या गावचा नाला कुठून निघतो आणि कुठे मिळतो हे कधी चालत जाऊन पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी तो परीक्षेपुरता मजकूर राहतो.

वर्षातले साजरे करायचे दिवसही असेच बेतलेले. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो तेव्हा आपल्या शाळा सुरूच झालेल्या नसतात. जुलैत वृक्षारोपण होतं. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. लावलेल्या रोपांचा आकडा त्या दिवशी मिळतो. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत किती, हा प्रश्न शाळेने विचारायला हवा, कारण मुलं त्या वाटेने रोज जातात. या पुस्तकातलं झाडांचं पान तसंच आखलं आहे. रोप लावल्याची तारीख एकदाच लिहायची, आणि पुढे तीन वर्षं दर अक्षय्य तृतीयेला त्याच रोपापुढे उभं राहून आहे की नाही ते लिहायचं. शिवाय एक काम लागवडीइतकंच मोठं मानायचं: धुऱ्यावर आपोआप उगवलेली बाभूळ, हिवर, लिंब शोधून त्यांना आळं करणं आणि आगीपासून वाचवणं. आपोआप उगवलेल्या झाडाने जागा स्वतः निवडलेली असते, त्याला टँकर लागत नाही. बीड जिल्ह्यात पालवणच्या उजाड माळावर सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने उभं केलेलं काम पाहिलं की मराठवाड्यात झाडं जगत नाहीत हे बोलणं बंद व्हावं. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलनही भरलं होतं.

पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग पावसावर आहे, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

गोरेगाव हे महसूल मंडळ आहे. अतिवृष्टी झाली की नाही हे मंडळाच्या पर्जन्यमापकावर ठरतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, एरवी नाही. मदत, पंचनामे, विम्याचे वाद या सगळ्यांत हा आकडा पुढे येतो. एका मंडळात अनेक गावं असतात आणि मृगाचा किंवा परतीचा पाऊस कसा पडतो हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे: एका शिवारात नाला दुथडी भरून वाहतो आणि दोन कोसांवर धूळ उडते. मापक कोरड्या बाजूला असेल तर बुडालेल्या शेताचा पाऊस कागदावर पडतच नाही. शाळेत मोजलेल्या आकड्याने सरकारी निकष बदलणार नाही, हे मुलांना आधीच सांगावं. पण मंडळातल्या प्रत्येक गावच्या शाळेने रोजचा पाऊस एकाच पद्धतीने मोजला, तारखेनिशी लिहिला आणि तो सलग पाच-सात वर्षं टिकवला, तर गावाला आपलं म्हणणं मांडायला अंदाजाऐवजी वही असेल. मला पर्यावरण शिक्षणाचा याहून खणखणीत उपयोग सुचत नाही.

मापक बनवायला खर्च नाही. सरळ बाजूंची, दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, म्हणजे पाणी उडून जात नाही. बाटलीचा तळ खड्ड्या-उंचवट्यांचा असतो, तिथे माप चुकतं. म्हणून तळाशी खडे टाकून, जिथून बाजू सरळ होतात तिथवर पाणी भरायचं आणि त्या रेषेला शून्य धरायचं. शून्यापासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. मापक मोकळ्या जागी ठेवायचं, भिंत किंवा झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठ वाजता वाचायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. वेळ जुळली नाही तर आकड्यांची तुलना होत नाही. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं. हे शून्य लिहिणं मुलांना सुरुवातीला निरर्थक वाटतं, पण ऑगस्टात सलग वीस शून्यं आली की पावसाचा खंड म्हणजे काय हे त्यांना वहीतच दिसतं. मग गणित आपोआप पुढे येतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हेक्टरवर दहा हजार लिटर. शाळेच्या पत्र्यावर वर्षात किती पडलं, गावच्या शिवारात किती पडलं, आणि उन्हाळ्यात टँकर का आला? आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस आठ-नऊशे मिलिमीटरच्या घरात आहे. सहावीतली मुलगी हे गुणाकार करून उत्तर समोर ठेवते तेव्हा मोठ्यांना ते सोडवावं लागतं.

विहिरींचंही असंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. गावाने निदान पाच विहिरी निवडून तेवढ्याच वेळा मोजाव्यात. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी आणि खाली वजन पुरतं. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांनी जायचं नाही, दोरी मोठ्या माणसाने सोडायची, मुलांनी गाठी मोजायच्या. आपल्या पायाखाली बेसाल्टचा खडक आहे. वरच्या मुरमात आणि भेगांत जेवढं पाणी मावतं तेवढंच विहिरीला. खालचा घट्ट खडक ते धरत नाही. एकाने खोल बोअर घेतलं की शेजारच्या विहिरीवर काय होतं, हे गावात सगळे जाणतात आणि कुणी बोलत नाही. पाच विहिरींच्या रेघा एका कागदावर शेजारी शेजारी काढल्या की ते बोलणं सुरू होतं.

आपल्या जिल्ह्यात हे काम कोरं नाही. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा आणि मधून कयाधू अशी हिंगोलीची रचना. कयाधू रिसोड तालुक्यातून येते, सेनगाव तालुक्यातून जाते, संत नामदेवांच्या नर्सीला स्पर्श करते आणि पुढे पैनगंगेला मिळते. कळमनुरी तालुक्यातल्या उमऱ्याची उगम ग्रामीण विकास संस्था आणि जयाजी पाईकराव यांनी या नदीच्या पुनरुज्जीवनासाठी गावोगावी माणसं जोडली. त्यांच्या कामातली मला पटलेली गोष्ट ही की नदीचं काम त्यांनी नदीच्या पात्रापासून सुरू केलं नाही. वरच्या ओघळींपासून केलं. पात्र पोकलेनने खोल केलं की फोटो चांगला येतो. पण वरून येणारा गाळ थांबलेला नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत पात्र पुन्हा भरतं. ओघळीत दगडांचे छोटे बांध घालणं हे हाताचं, संथ, न दिसणारं काम आहे आणि ते गावातल्या माणसांनाच जमतं. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून राज्याचं ‘चला जाणूया नदीला’ अभियान सुरू झालं, त्यातही कयाधू होती. कयाधूचं पाणी खरबीजवळून इसापूर धरणाकडे वळवण्याच्या योजनेला जिल्ह्यातून विरोध झाला. अशा वादात आपल्या नदीला कुठल्या महिन्यात किती पाणी असतं याची काठच्या गावांची स्वतःची नोंद असती, तर सभेतल्या भाषणांना किती बळ आलं असतं.

गावाच्या नोंदीला कायद्याचा आधारही आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकात हा विचार पुढे नेला तेव्हा त्यांच्या मनात गावातली माणसं आपल्या रानाबद्दल जे जाणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवणं होतं. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि देशभर घाईने वह्या भरल्या गेल्या. अनेक ठिकाणी त्या बाहेरच्या माणसांनी टेबलावर बसून भरल्या. शेजारच्या दोन गावांत झाडांची यादी शब्दाशब्दाला सारखी निघाली तर नवल वाटायला नको. आपल्या ग्रामपंचायतीतली नोंदवही मागून घ्यावी, ती शाळेत मोठ्याने वाचावी, आणि त्यातलं काय आपल्या शिवारात खरोखर आहे ते पेन्सिलने खूण करून पाहावं. या पुस्तकाच्या मागच्या भागातली कोरी पानं त्यासाठी आहेत.

कुणाला विचारायचं, यावर एक आग्रह. नोंदवही बहुधा सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी यांच्याशी बोलून पूर्ण होते. गवताची खरी माहिती मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराकडे आहे, माशांची भोयाकडे, औषधी झाडपाल्याची एखाद्या सुईणीकडे, आणि तितर-लाव्ह्यांची पारध्याकडे. शेजारच्या वाशीम आणि त्यापलीकडच्या अकोला जिल्ह्यात कारंज्याच्या संवेदना संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर गवताळ रानं राखण्याचं काम केलं. ज्यांच्यावर शिकारी म्हणून पिढ्यानपिढ्या संशय घेतला गेला त्यांचंच ज्ञान तिथे राखणीच्या कामी आलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याच्या नावानिशी, त्याने सांगितलं असं लिहून नोंदवहीत जागा देणं हे मुलांसाठी परिसर अभ्यासाच्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठं शिक्षण आहे.

गायरानाचा विषयही याच धाग्याचा आहे. गायरान वाचवा असं म्हणणं शहरातल्या निसर्गप्रेमी माणसाला सोपं जातं. मराठवाड्यात गायरान म्हणजे भूमिहीन दलित कुटुंबांनी घाम गाळून वहितीखाली आणलेली जमीनही आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांपासून त्या लढ्याचा इतिहास आहे, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला तेव्हा त्यातही भूमिहीनांना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद मानले. हे सगळं मुलांना सांगितल्याशिवाय गायरानाचा नकाशा काढू नये. गवत राखण्याच्या नावाखाली सगळ्यात गरीब घराचा तुकडा जाणार असेल आणि मोठ्या खातेदाराने दाबलेला नाला तसाच राहणार असेल, तर त्या कामाला मी संवर्धन म्हणणार नाही.

दुसरी अडचण रोह्यांची. रोही, हरणं आणि रानडुकरं एका रात्रीत पीक आडवं करतात. थंडीत जागलीवर जाणाऱ्या बापाच्या मुलाला वर्गात वन्यप्राणी आपले मित्र असा निबंध लिहायला लावणं मला योग्य वाटत नाही. त्या मुलाने आपल्या शेतात कोणतं जनावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूने आलं, किती सऱ्या गेल्या हे लिहावं. अशी दहा शेतांची नोंद एकत्र केली की वाट दिसते, आणि वाट दिसली की कुंपण कुठे घालायचं, झटका मशीन कुणी मिळून घ्यायची हे ठरवता येतं. तारेत थेट वीज सोडण्याचा मार्ग मात्र कुणीही धरू नये. त्याने माणसंही मेली आहेत. भरपाईचा अर्ज करतानाही अशी नोंद हाताशी असलेली बरी.

जी जनावरं शेतकऱ्याच्या बाजूची आहेत त्यांच्यापासून सुरुवात केली तर गाव लवकर ऐकतं, हा माझा विश्वास आहे. गव्हाणी घुबड घ्या. पडक्या वाड्यात, देवळाच्या कोनाड्यात, विहिरीच्या कपारीत राहणारं, पांढऱ्या तोंडाचं. ते उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांची काळपट गोळी तोंडावाटे टाकतं. बसायच्या जागेखाली अशा गोळ्या पडलेल्या असतात. हातमोजा घालून एक उचलायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि सुईने हळूच सोडवायची. केसांच्या गुंत्यातून आधी एक बारीक कवटी येते, मग पुढचे लांब, पिवळसर-केशरी दात असलेला जबडा, मग दुसरी कवटी. एका गोळीत दोन-तीन उंदीर सहज निघतात. सोयाबीनच्या पोत्यांना भोकं पाडणारा, हरभऱ्याचे घाटे कातरणारा उंदीर कोण खातं हे पोरांनी स्वतःच्या हाताने पाहिलं की अमावास्येला घुबड धरणाऱ्याला तीच अडवतात. पुरंदर तालुक्यात पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ मध्ये भरवलेल्या उलूक महोत्सवात शाळकरी मुलांनी घुबडाची चित्रं काढली, गोष्टी लिहिल्या. गोरेगावच्या शाळेत गोळी सोडवण्याचा एक तासही पुरे आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण अशा पुस्तकांत हमखास येतं. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूचा व्यवहार गावाने हाती घेतला. आपल्याकडे तसं जंगल नाही, म्हणून ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. त्यांची अभ्यासगटाची रीत मात्र कुठल्याही गावाला घेता येते. ठराव करण्याआधी देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावातली माणसं तो विषय महिनोन्महिने अभ्यासत, वाद घालत, मग सगळ्यांच्या संमतीने निर्णय करत. शाळेची वही आणि मोठ्यांचा असा गट एकमेकांना जोडले गेले नाहीत तर मुलांनी मोजलेले आकडे कपाटात पडून राहतील.

कपाटाची ही भीती खरी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक बदलून जातात. एखाद्या ताईंनी किंवा गुरुजींनी जीव ओतून चालवलेला उपक्रम त्यांच्या बदलीबरोबर संपतो आणि नव्या माणसाला जुनी वही सापडतही नाही. म्हणून या पुस्तकाबरोबरची नोंदवही दोन प्रतींत ठेवायची आहे, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि तिचं वाचन ग्रामसभेच्या कामकाजात लावून घ्यायचं आहे. त्यासाठी १ मेची ग्रामसभा सगळ्यात सोयीची. १९९९ साली त्याच दिवशी आपला जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. तोवर गेल्या पावसाळ्याचा हिशोब पूर्ण झालेला असतो, विहिरींची मार्चची पातळी हाती असते, कुठल्या धुऱ्यावर आग लागली हे ताजं असतं, आणि मृगाला अजून महिनाभर अवकाश असतो. वाचन मुलांनीच करायचं आहे. प्रत्येक मुलाने एक विहीर, एक धुरा किंवा एका महिन्याचा पाऊस वाचायचा, आणि ज्याच्या शेतातला तो आकडा आहे त्या शेतकऱ्याने उठून तो बरोबर आहे की चूक ते सांगायचं. दुरुस्ती तिथल्या तिथे, त्याच पानावर, सहीनिशी.